तोटे दिसत असूनही माणसं इथे का येतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान बोलतात. मी स्थापत्य शाखेची पदविका घेऊन तेलंगण सरकारच्या नोकरीला लागलेला माणूस. रस्ते, नाले, इमारती यांची मोजमापं घेणं हे माझं काम. तेव्हा सांगेन ते कामावर पाहिलेलं आणि थोडंफार वाचलेलं. मतं माझी आहेत, खात्याची नाहीत, हेही आधीच सांगून टाकतो.

आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एवढं काय ठेवलंय या हैदराबादेत, की माणसांचे लोंढे येताहेत?" प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. बोअर आटतात, टँकरची वाट बघावी लागते. कृष्णेचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून पंपाने चढवून आणावं लागतं, गोदावरीचं त्याहूनही लांबून. माधापूर-गच्चीबावलीकडे संध्याकाळी निघालेला माणूस घरी कधी पोचेल ते सांगता येत नाही. शाळेत तेलुगू शिकणं २०१८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. आणि मुलाला 'स्थानिक' म्हणून सवलत हवी असेल तर त्याची चार वर्षांची शाळा इथे झालेली असावी लागते.

हे येणाऱ्यांना ठाऊक नसतं का? चांगलंच ठाऊक असतं. तरी येतात.

मी कामावरच्या लोकांना विचारत असतो. सेंट्रिंगच्या कामावर देगलूर-मुखेडकडची बरीच माणसं भेटतात. त्यांच्यातला एक मुकादम म्हणाला, "साहेब, मजुरीचा भाव किती ते आम्ही मागून विचारतो. आधी विचारतो, महिन्यात हजेऱ्या किती भरतील." मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आलं. गावाकडे सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला की हाताला काम नाही. इथे महिन्याचे पंचवीस दिवस भरतात. दिवस भरले की दुकानदार उधार देतो, मुकादम उचल देतो, मुलीचं लग्न ठरवता येतं.

शिकलेल्यांचंही गणित वेगळं नाही, फक्त कपडे वेगळे. पुण्या-नागपूरकडून आलेलं जोडपं बघा. एकट्या नवऱ्याची नोकरी कुठल्याही शहरात लागेल. पण दोघांनाही आपापल्या शिक्षणाची नोकरी एकाच गावात मिळणं, आणि एकाची सुटली तरी घर न हलवता दुसरी मिळणं, ही सोय देशातल्या मोजक्याच शहरांत आहे. माणूस एका नोकरीसाठी येतो आणि दुसरी मिळण्याच्या खात्रीवर राहतो.

ही खात्री एका रात्रीत तयार झालेली नाही. १९६० च्या दशकात बालानगरला आयडीपीएल आलं, रामचंद्रपुरमला भेल आलं, पुढे ईसीआयएल आलं. या कारखान्यांनी हाताखाली माणसं तयार केली. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आधी आयडीपीएलमध्येच होते. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले, २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, मग १५८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता झाला, २०१७ मध्ये मेट्रो धावली. २०१४ मध्ये वेगळं राज्य झाल्यावर उद्योगांना ठरलेल्या मुदतीत परवाने देणारा कायदा आला. एकेक थर चढत गेला. मात्र याच राज्यातले पालमूरचे मजूर आजही बाहेरगावी कामाला जातात, करीमनगर-निजामाबादची माणसं आखातात जातात. राज्य वाढलं म्हणजे राज्याचा प्रत्येक कोपरा वाढला असं नव्हे.

मग तोट्यांचं काय? तोटे आणि फायदे एकाच वेळी येत नाहीत. काम आल्याच्या आठवड्यात मिळतं. टँकरचा खर्च, वाढलेलं भाडं, धूळ-धुराचा खोकला हे हप्त्याहप्त्याने येतं, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना येतं. सगळ्यांना मिळून होणारा त्रास माणूस सोसतो. गावात एकट्याने रिकामं बसणं सोसवत नाही.

१ मे २०२० ची आठवण करा. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घेऊन देशातली पहिली विशेष गाडी झारखंडकडे निघाली ती आपल्या लिंगमपल्लीहून. त्या वेळी वाटलं, ही माणसं आता परत येत नाहीत. त्याच महिन्यात बिहारहून तांदळाच्या गिरण्यांतले कामगार रेल्वेने इकडे परत आलेही. इतका कडू अनुभव गाठीशी असताना ते आले. शहराच्या मोहाने नव्हे, घरी चूल पेटायला हवी म्हणून.

आता आपल्याबद्दल बोलतो. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबादहून आले. कोणी वकिली करायला, कोणी निजामाच्या कचेरीत, कोणी उस्मानिया विद्यापीठात शिकायला, तेही उर्दू माध्यमातून! भाषेची अडचण तेव्हा आजच्यापेक्षा मोठी होती. तरी ते आले, शिकले, आणि १९०७ मध्ये विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी राहिली. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता, म्हणून आपण 'मुलकी' ठरलो. बाहेरच्या माणसाला मुलकी व्हायला १५ वर्षांचं वास्तव्य लागे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या आणि आपले नांदेडचे चुलतभाऊ परराज्यातले झाले. गाडी तीच, रूळ त्याच मार्गाचे. आज अजिंठा किंवा देवगिरीने जो पोरगा काचीगुडा-सिकंदराबादला उतरतो, तो आपल्या आजोबांच्याच वाटेने आलेला असतो. त्याच्यासाठी 'लोंढा' हा शब्द आपल्या तोंडी बरा दिसत नाही.

माझ्या कामातली एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. नव्या माणसाला स्वस्त जागा लागते, आणि स्वस्त जागा बहुतेक वेळा सखल असते. हे शहर तलावांचं आहे. एक चेरुवू भरला की सांडव्याचं पाणी नाल्याने खालच्या चेरुवूत जायचं, अशी ती साखळी. मध्येच भराव टाकून प्लॉट पाडले तरी पाणी आपला उतार विसरत नाही. १९०८ मध्ये मुसीच्या पुराने शहर उद्ध्वस्त केलं. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि पुढे १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर झाला. त्यानंतरही ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. वेगाने वाढणाऱ्या राज्याचा तोटा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. जो सगळ्यात शेवटी येतो, तो सगळ्यात खालच्या जागी राहतो आणि पाणी आधी त्याच्या घरात शिरतं. कुठली जागा पावसाळ्यात बुडते हे आपल्याला तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे. त्याला ते कोण सांगणार?

म्हणून मंडळापुढे तीन लहान सूचना ठेवतो. पहिली, महिन्यातून एका रविवारी दोन तास आपल्यापैकी कोणीतरी इथे बसावं. स्थानिक दाखला, शाळा, दवाखाना, घर घेण्याआधी नकाशात तलाव-नाला कुठे आहे ते बघणं, एवढं समजावून सांगितलं तरी पुष्कळ झालं. त्यात खात्याचा अनुभव असलेले आपण निवृत्त-कार्यरत मिळून दहा-बारा जण तरी निघू. दुसरी, मुलांसाठी तेलुगूचा वर्ग. आपल्या घरांतली तिसरी पिढी फर्डं तेलुगू बोलते, तिला हे काम आनंदाने जमेल. तिसरी, उत्सवातली एक आरती कुकटपल्ली-मियापूर-पटानचेरूकडे राहणाऱ्या नव्या मराठी कुटुंबांना द्यावी. आपली मुलं अमेरिकेत, पुण्यात गेली. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या घरांतून आता वर्गणी येते, पण मंडप बांधायला हात येत नाहीत. ते हात नांदेडहून येताहेत.

माणसं येतच राहणार, ते आपल्या हातात नाही. आलेल्या माणसाला बुडणाऱ्या जागेत घर बांधू द्यायचं की आधी सावध करायचं, एवढं मात्र आहे.

गणपती बाप्पा मोरया!