मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

श्रोतेहो, मुंबईहून लंडन किती लांब, असे कुणी विचारले तर कुणी किलोमीटर सांगेल, कुणी तास सांगेल. दोन्ही उत्तरे बरोबरच. पण एकावरून दुसरे काढताना माणूस फसतो. मी स्वतः फसलो आहे. ते पुढे सांगतो.

आधी अंतर पाहू. गुरुजी, शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळा. तो म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. मग मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणा. पहिला दोरा १०० सेंटिमीटर असेल, तर दुसरा १८ भरेल. म्हणजे झाले सुमारे ७,२०० किलोमीटर. आता गंमत पाहा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराकवरून जाते; गोलावरचा दोरा मात्र बराच उत्तरेकडून, कास्पियन समुद्रावरून जातो. जवळची वाट तीच, बरं का! पण एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, तर वळसा पडतो. पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीअखेरीपासून जुलैपर्यंत तसे केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांना लांबून जावे लागले.

आता वेळ. विमानाचा वेग तासाला ९०० किलोमीटर धरा. भागाकार केला की आठ तास येतात. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, या वाटेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तर फारच. तो सरासरी ६० किलोमीटर धरला, तर जाताना वेग उरतो ८४०, येताना होतो ९६०. म्हणजे जाताना साडेआठ तास, येताना साडेसात. प्रवाहाविरुद्ध होडी हाकणाऱ्या नावाड्याचेच हे गणित! त्यात धावपट्टी गाठणे, चढणे, उतरणे आणि वळसे मिळवा. एकूण जाताना दहा तास, येताना नऊ तास धरावेत.

एवढ्यानेही हिशेब संपत नाही. तिकिटावर प्रत्येक गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार.

१९९८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. शेजारचे अण्णा वारले. थोरला मुलगा लंडनला. त्याचा फोन आला, "सकाळी दहाच्या विमानाने निघतो, माझ्यासाठी थांबा." सगळे माझ्याकडे वळले; शिकलेला मीच ना! मी झटकन सांगितले, "दहा आणि आठ, संध्याकाळी सहाला मुंबई. अकरापर्यंत घरी." मंडळी मध्यरात्रीपर्यंत थांबली. मग वडीलधारे म्हणाले, "आता येत नाही तो." धाकट्याने अग्नी दिला. थोरला आला तो पहाटे सहाला. लंडनचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. त्यात नऊ तास मिळवले की रात्रीचे साडेबारा. विमान अगदी वेळेवर उतरले होते. चुकला होता तो माझा हिशेब.

काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. म्हणून तर ते अजून सलते.

तेव्हा गुरुजनहो, हे उदाहरण वर्गात जरूर घाला. आणि श्रोतेहो, परदेशाहून कुणी निघाले की एकच विचारा, "ही वेळ कुठल्या घड्याळाची?" गणित सोपे आहे, फक्त तो प्रश्न आधी विचारायला हवा.