अंगणातील सदाफुली, रानातील नरक्या



माहूरच्या या डोंगराळ मुलखात दारोदारी सदाफुली फुलते. मूळची ती मादागास्करची. परंतु आता आपल्या अंगणाचीच झाली आहे. तिच्यातील द्रव्यापासून सिद्ध केलेले व्हिनोरेलबिन हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगावर दिले जाते. वनस्पतीतील द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते, ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. मात्र द्रव्याचे औषध कसे होते, हे समजून घेतले पाहिजे.

त्याचे बोलके उदाहरण सह्याद्रीत आहे. तेथील रानांत उग्र दुर्गंधी असलेल्या फुलांचे नरक्या नावाचे झाड आढळते. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. हे डॉ. वाणी 1925 साली आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबार येथे जन्मले. पुढे 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखविले.

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, एक धागा कापते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते. सांधा जुळत नाही आणि पेशी मरते. वेगाने वाढणाऱ्या पेशींना हा तडाखा अधिक बसतो. परंतु अस्थिमज्जेतील आणि आतड्यातील निरोगी पेशीही वेगाने वाढतात! शिवाय सुरुवातीच्या काळात रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्रावासारखे तीव्र अपाय झाले आणि 1970 च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून टोपोटेकन तयार झाले. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला 1998 साली मान्यता मिळाली. शोधापासून या मान्यतेपर्यंत 32 वर्षांची ही तपश्चर्या! तरीही हे औषध रोग उलटल्यावर द्यावयाचे. त्याने आधार मिळतो, रोग सहसा समूळ जात नाही.

काचेच्या बशीत पेशी मारणे निराळे आणि माणूस वाचविणे निराळे. कुणी सदाफुलीचा पाला वाटून रस घ्यावयास सांगेल. त्यात मात्रा ठाऊक नसते, विषारीपणा मात्र असतो. आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. वनौषधींचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यापायी घरातल्या माणसाचा जीव पणाला लावू नये. दुसरीकडे याच नरक्याची चोरटी तोड सह्याद्रीत झाली आहे. झाडच उरले नाही, तर अभिमान कशाचा धरावयाचा?

आणि तंबाखू हीदेखील वनस्पतीच आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तिचा धूर होय. घरातील विडी-सिगारेट आजच विझविणे, खोकला महिनाभर हटला नाही किंवा थुंकीतून रक्त आले तर तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आणि चालू उपचार अर्धवट न सोडणे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्यावे.