हाकेच्या अंतरावर

(छत्रपती संभाजीनगर येथील एका व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर आहे. १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, तो परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब उतरतात. राखाडी अंग, पांढरे डोके आणि डोक्यावर दोन काळे पट्टे. मध्य आशियातील पठारांवरून हिमालय ओलांडून येणारा हा हंसकुळातील पक्षी. संशोधकांनी अशा पक्ष्यांवर यंत्रे बसवून नोंदी घेतल्या, तेव्हा सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाण आढळले. त्या उंचीवर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

प्रशिक्षण वर्गांतून या कुळाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. थव्यातील मागचे पक्षी ओरडून पुढच्याला प्रोत्साहन देतात, म्हणे! मीही ती अनेकदा ऐकली आणि, कबूल करतो, एकदोनदा सांगितलीही. पण पडताळून पाहण्याची पत्रकाराची खोड जात नाही. मागचा पुढच्याला शाबासकी देतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तो कलकलाट मुख्यतः थवा एकत्र राहावा यासाठी असतो. ‘मी येथे आहे, तू कोठे आहेस?’ एवढाच त्याचा आशय.

प्रथम हिरमोड झाला. नंतर वाटले, शाबासकीहून हे अधिक मोलाचे आहे.

२०१५ साली युरोपातील शराटी कुळातल्या पक्ष्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्याच स्थलांतराला निघालेले ते १४ तरुण पक्षी होते. पुढे उडणाऱ्याचे कष्ट अधिक. मागच्याला त्याच्या पंखांनी उठलेल्या हवेचा आधार मिळतो. जोडीतील जो जितका वेळ दुसऱ्याच्या मागे विसावला, जवळपास तितकाच वेळ तो स्वतः पुढे येऊन राबला, असे दिसले. कौतुक नाही, भाषण नाही. आपली पाळी आली की पुढे यायचे.

विदर्भातील ताडोबा-नागझिऱ्याची रानकुत्री पाहा. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. रान वाचायला त्यांनी आपल्याला शिकवले. ही रानकुत्री पांगली की शीळ घालून एकमेकांना गोळा करतात. शिकार साधल्यावर आधी पिल्लांना खाऊ देतात. बिळापाशी राखणीला थांबलेल्यांनाही परतणारे पोटातले अन्न ओकून भरवतात. मागे राहिलेल्या राखणदाराला उपाशी न ठेवणे आपल्यापैकी किती संस्थांना साधते?

येथे स्वतःचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१३ च्या दुष्काळात चारा छावणीवर आमच्याबरोबर एक तरुण राबत असे. बैठकीत त्याचे कौतुक होई, टाळ्याही पडत. पुढे वडिलांचे आजारपण आले, डोक्यावर कर्ज झाले आणि तो येईनासा झाला. ‘गळला’ म्हणून आम्ही मोकळे झालो. थव्यातून सुटणारा ओरडत नाही, तो गप्प होतो. आणि गप्प माणसाची बातमी होत नाही, हे मला, बातम्यांवर पोट असलेल्याला, कळले नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच्या गावी गेलो, तेव्हा त्याच्या दारात डोकावलो. चहा झाल्यावर त्याने शांतपणे विचारले, “काका, मी नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मराठवाड्यात अशी किती घरे त्या वर्षांत गप्प झाली, हे आपण सारे जाणतो. ज्या गोदाकाठी तापल्या वाळूत रडणारे लेकरू नाथांनी कडेवर घेतल्याची कथा आपण सांगतो, तोच हा प्रदेश.

त्यानंतरच्या माघात त्याला बरोबर घेऊन नाथसागरावर गेलो. अंधार पडला होता. पक्षी दिसत नव्हते. पाण्यावरून एक हाक येई, दुरून तिला उत्तर मिळे. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. परतताना एस.टी.त तो बोलत होता. कर्जाचे, वडिलांचे, सारेच. पैठण ते शहर मी ऐकत होतो.