वही सगळ्यांची, तर संस्था सगळ्यांची
(जेऊर, जि. सोलापूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गट काढणं सोपं, टिकवणं अवघड. पैसा संपला म्हणून गट मोडला, असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा त्याच्या आधीच मन उठलेलं असतं. 'हिशोब तिलाच कळतो, आपण नुसतं कामाला यायचं' असं बाया म्हणायला लागल्या की समजावं, संस्था आतून पोखरली.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच 'लिज्जत'. तिथे लाटणारी प्रत्येकजण सभासद भगिनी. नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. हा नियम पैशाचा दिसतो, पण आहे मनाचा. उपकाराच्या ओझ्याखाली बाई प्रश्न विचारत नाही. संस्था आपली वाटली की खराब पापड ती स्वतःच बाजूला काढते.

आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला बायांनी बँक काढायचं ठरवलं. अनेकजणी निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

पण एक गोष्ट विसरू नका. घरी लाटणारी बाई चूल, मूल, पाणी सांभाळूनच लाटते. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांना मजुरी मिळते विड्या मोजून. तंबाखूची धूळ मात्र मोजली जात नाही. बाईची कंबर आणि छाती झिजवून चाललेलं काम टिकाऊ कसं म्हणायचं?

म्हणून तीन गोष्टी करू या. दर महिन्याला हिशोबाची वही मोठ्यानं वाचायची. अध्यक्ष-सचिव पाळीपाळीनं बदलायच्या. आणि तक्रार करणारीला भांडकुदळ म्हणायचं नाही. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला आणि तिथे १० पेक्षा कमी माणसं असली, तरी २०१३ च्या कायद्यानं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

वह्या आणल्यात ना? मग आज सचिवबाईंनी नुसतं ऐकायचं. आजवर जिनं वही कधी हातात घेतली नाही, तिनं ती उघडायची.