गाडी सोडताना

नाशिकचा कांदा तमिळनाडूत उतरवला की आपल्याकडचे कितीतरी ट्रकचालक परतीच्या भाड्यासाठी तंजावर जिल्ह्यात जातात. पट्टुकोट्टई, पेरावुरणी हा तिथला नारळाचा पट्टा. भरतीसाठी कधीकधी दोन-दोन दिवस थांबावं लागतं. त्यात मालकाशी फोनवर खटका उडतो, शेजारच्या गाडीवाला चांगल्या पगाराची जागा सांगतो, आणि ड्रायव्हर किल्ली टाकून मोकळा होतो.

नोकरी बदलणं हा तुमचा हक्क आहे. पण घरापासून हजार किलोमीटरांवर, तोंडी बोलण्यावर गाडी सोडली की पुढे नुकसान तुमचंच होतं. भरलेली गाडी तर सोडूच नका. मालाचं काही झालं तर विश्वासघाताची तक्रार तुमच्यावर येईल, आणि तिथल्या ठाण्यातला कागद तमिळमध्ये असेल. खेप पुरी करा, पोच घ्या, मग गाडी ताब्यात द्या. देताना किलोमीटरचा आकडा, टाकीतलं डिझेल, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोरखंड, गाडीची कागदपत्रं हे सगळं एका कागदावर लिहून घेणाऱ्याची सही घ्या. त्याचा फोटो तिथूनच मालकाला पाठवा. एवढ्यानं "ताडपत्री कुठे गेली?" हा महिन्यानंतरचा वाद उभाच राहत नाही. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता येणाऱ्या मजकुरावर मात्र सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

आता पैशाचं. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कामगारालाही दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. मोडतोडीचे पैसे कापायचे असतील, तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. खरी अडचण उचलीची असते. घेतलेली उचल फेडायचीच आहे, त्यात दुमत नाही. पण ती फिटेपर्यंत माणसाला कामाला जखडून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि 1976 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. लायसन्स अडकवून ठेवणाऱ्या मालकांची मला चीड येते. लायसन्स तुमच्या नावाचं असतं, ते तारण म्हणून ठेवून घ्यायचा मालकाला अधिकार नाही. डिजिलॉकरमध्ये त्याची प्रत आजच उतरवून ठेवा, ती रस्त्यावर चालते.

पीएफ कापला जात असेल तर तुमचा यूएएन नंबर जन्मभर एकच असतो. नव्या मालकाला तोच द्या. दर वेळी नवा नंबर काढला की नोकरीची वर्षं विखुरतात, आणि पेन्शनसाठी तर दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. जुन्या मालकानं नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन नोंदवता येते. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. साडेचार वर्षं झाली असतील आणि जीवावर बेतत नसेल, तर मी म्हणेन, थोडी कळ काढा.

नागपट्टिनमकडच्या टँकरवर जायचं असेल तर साधं ट्रकचं लायसन्स पुरत नाही. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करावी लागते. "आधी चालवायला लाग, नोंद मागाहून बघू" असं नवा मालक म्हणाला, तर ती नोकरी धरू नका. अपघात झाला तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

ज्याच्यावर जुन्या अपघाताचा खटला आहे, त्यानं सर्वांत जपावं. मालक बदलला तरी खटला सुटत नाही. कुंभकोणमजवळ अपघात झाला असेल तर तारखा त्याच भागातल्या कोर्टात पडणार. म्हणून गाडी सोडण्याआधी एफआयआर, विमा, परमिट आणि फिटनेस यांच्या प्रती मागून घ्या. एकदा संबंध तुटले की जुना मालक फोन उचलत नाही. प्रत्येक तारखेला जातीनं हजर राहण्यातून सूट द्यावी, असा अर्ज वकिलामार्फत करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करून मोफत मदतीची चौकशी करा. पगार अडला असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.