फुप्फुसाचा कर्करोग : औषधाआधी जनुकाची ओळख



रात्रीच्या गाडीने रत्नागिरीहून निघायचे, सकाळी दादरला उतरायचे आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरायची, हा प्रवास कोकणातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला आलेला आहे. पिशवीत क्ष-किरणांची चित्रे असतात, क्षय समजून काही महिने घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतात आणि मनात एकच प्रश्न असतो : उपचार आज सुरू होणार की उद्या? डॉक्टर मात्र आधी गाठीचा तुकडा तपासायला हवा, अहवालासाठी थांबा, असे सांगतात. घरच्यांना तो कालापव्यय वाटतो.

तसा तो नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे एक प्रथिन असते. वाढीचा संदेश आला म्हणजे ते पेशीला विभाजनाची आज्ञा देते आणि संदेश थांबताच शांत होते. त्याच्या जनुकात बदल झाला की आज्ञा थांबतच नाही. हा बदल तरी केवढा? एका प्रकारात प्रथिनाच्या साखळीत ८५८व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते, एवढाच!

गेफिटिनिब ही गोळी नेमका हाच प्रवाह रोखते. अमेरिकेत तिला २००३ साली मान्यता मिळाली, तेव्हा थोड्या रुग्णांना विलक्षण गुण आला आणि बहुतेकांना काहीच नाही. ज्यांना गुण आला त्यांच्या गाठीत हा जनुकीय बदल होता, हे बोस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. टाटा रुग्णालयाने फुप्फुसाच्या अडेनोकार्सिनोमाचे ९०७ भारतीय रुग्ण तपासले, त्यांपैकी २३ टक्क्यांत तो आढळला. स्त्रियांत आणि धूम्रपान न करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. विडीला कधी स्पर्शही न केलेल्या माउलीला हा रोग का झाला, म्हणून घर हळहळते. पण नेमक्या तिच्याच बाबतीत गोळी लागू पडण्याचा संभव जास्त असतो.

'जनुकीय' हा शब्द ऐकताच काही घरांत दुसरीच धास्ती शिरते. मुलीचे लग्न जमायचे आहे, घराण्यात दोष निघाला तर? अतिविरळ अपवाद सोडता हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही. तो फुप्फुसातील पेशीत, आयुष्याच्या ओघात घडलेला असतो. अहवाल लपवण्याचे काहीच कारण नाही.

टाटा रुग्णालयातच असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर एक महत्त्वाची चाचणी झाली. निम्म्यांना केवळ गेफिटिनिब, निम्म्यांना त्यासोबत केमोथेरपी. पहिल्या गटात रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दुसऱ्यात १६ महिने. तीव्र दुष्परिणामही दुपटीने वाढले, हे सांगितलेच पाहिजे. त्याच सुमारास जपानमध्येही असाच निष्कर्ष निघाला. पुढे २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या, महागड्या गोळीबाबतही गोळीला केमोथेरपीची जोड देण्याचे तत्त्व खरे ठरले. परळच्या डॉक्टरांनी ते त्याआधीच, तुलनेने पुष्कळ स्वस्त गोळीवर, सिद्ध केले होते.

शेजारच्या काकांना गोळीने गुण आला म्हणून तपासणीवाचून तीच मागणे मात्र घातक आहे. बदल नसलेल्या रुग्णाला गेफिटिनिबपेक्षा केमोथेरपीच अधिक उपयोगी पडते. सुई लागली की रोग पसरतो, ही भीतीही अशीच मुळावर येते. सुईने रोग पसरण्याचा धोका अत्यल्प असतो. तुकडा अपुरा निघाला तर काही वेळा रक्तावरूनही तपासणी करता येते. गोळीचा प्रभाव काही काळाने ओसरतो, कारण पेशी नवा बदल घडवून पळवाट काढतात. तेव्हा डॉक्टर पुन्हा तुकडा मागतील. पहिला अहवाल चुकला होता, असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुकडा रत्नागिरीतच काढला असेल तर मुंबईला जाताना केवळ कागदी अहवाल नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेत तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात, डबीत नीट बांधाव्यात, उन्हापासून जपाव्यात. जनुकाची तपासणी त्याच ठोकळ्यावर होऊ शकते, आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घेण्याची वेळ पुष्कळदा टळते.