एकटेपणाची भूक

भूक लागली म्हणजे मनुष्य अन्न मागतो, तहान लागली म्हणजे पाणी. त्यांत कोणासहि संकोच वाटत नाहीं. परंतु 'मला एकटें वाटतें' असें म्हणतांना मोठमोठ्यांची जीभ अडखळते. या भावनेस देहांत कांहीं ठिकाण आहे काय, याचा शोध घेणाऱ्या अमेरिकेंतील के टाय या विदुषींच्या कार्याची ओळख आज करून देण्याचें योजिलें आहे. चिंता आणि संगतीची ओढ यांचा मेंदूशीं असलेला संबंध, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

गंमत अशी कीं, प्रस्तुत शोध लागला आडवाटेनें. गिलियन मॅथ्यूज या लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत कोकेनचा उंदरांच्या मेंदूवर होणारा परिणाम तपाशीत होत्या. कांहीं उंदरांस त्यांनीं कोकेन टोंचिलें, कांहींस तुलनेसाठीं नुसतें मिठाचें पाणी. पाहतात तों 'डॉर्सल राफे' नामक भागांतील विशिष्ट मज्जापेशींचे दुवे दोन्ही गटांत बळावलेले! मग कारण कोणतें? टोंचण्यापूर्वीं प्रत्येक उंदीर २४ तास एकटा ठेविला होता, एवढेंच.

पुढें मॅथ्यूज टाय यांच्या प्रयोगशाळेंत आल्या. ती तेव्हां मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी. या संस्थेंत होती. तेथें या पेशी प्रकाशाच्या योगें उद्दीपित करितांच उंदीर सोबत्यांकडे अधिक ओढले जाऊं लागले. परंतु ज्या जागीं हें उद्दीपन होई, ती जागा मात्र ते टाळूं लागले. म्हणजे ही ओढ सुखाची नव्हे, बोंचणीची. २०१६ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली: कळपांत जे वरचढ, त्यांच्यावर या पेशींचा प्रभाव अधिक. शाळेंत कोपऱ्यांत बसणाऱ्या मुलाची कींव कोणासहि येते. वर्गाचा पुढारी एकाएकीं एकटा पडला, तर त्याची विचारपूस कोण करितो?

उंदरांवरून माणसें ताडूं नयेत, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ज्यांत टायहि सहभागी होत्या, ४० माणसांस एके दिवशीं १० तास अन्नावांचून आणि दुसऱ्या एका दिवशीं १० तास संगतीवांचून ठेविलें. उपाशी माणसांस अन्नाचीं आणि एकट्यांस मिळून-मिसळून असलेल्या माणसांचीं चित्रें दाखवितांच मध्यमस्तिष्काचा एकच भाग चाळवला.

दहा तास म्हणजे मुलगा-सून कामावर गेल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ. घरांतील म्हाताऱ्याचें जेवण तेवढें झांकून ठेविलेलें असतें.